फणसाला जामीन

माझ्या दारावर पाटी आहे: दार वाजवू नये, बेल दाबावी. शिवाजी पेठेत असली पाटी लावणं म्हणजे आपण होऊन टिंगल ओढवून घेणं. पेठेतला माणूस खालच्या बोळातूनच हाका मारत जिना चढतो आणि दारावर पंजानं दोन थापा मारल्याशिवाय त्याला कुणाकडं आल्यासारखं वाटत नाही. वरच्या मजल्यावरची बाई मला तोंडावर म्हणाली, ‘काकू, तुमचं दार काय सोन्याचं हाय व्हय?’ मी म्हटलं, ‘फणसाचं हाय.’ ती खो खो हसली. मला काही हसू आलं नाही.

खरं कारण मी कुणाला सांगत नाही. त्या दारावर थाप पडली की भरीव, जड आवाज येतो. तो ऐकला की माझे हात जागच्या जागी थांबतात. तव्यावर भाकरी असली तरी थांबतात. आणि तोंडात एक वाक्य येतं, जे सहा वर्षांपूर्वी मी म्हणायला हवं होतं आणि म्हटलं नाही. एकदा भर दुपारी कुरिअरवाल्यानं थाप मारली. मी दार उघडलं आणि त्या बिचाऱ्याला म्हणाले, ‘नको तोडू.’ तो दोन पायऱ्या मागं सरला. ‘मावशी, सही पायजे फकस्त,’ म्हणाला. नवरा आतून ऐकत होता. संध्याकाळी त्यानं हळूच विचारलं, कुणा डॉक्टरला दाखवायचं का? मी असा आवाज चढवला की तो चपला घालून रंकाळ्यावर निघून गेला. पाटी त्यानंच दुसऱ्या दिवशी करून आणली.

माझं माहेर गारगोटीच्या पुढं, उसाचं रान संपून झाडी सुरू होते तिथं. घरामागं परडं, परड्याच्या टोकाला ओघळ आणि ओघळीच्या काठावर तो फणस. दोघांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा. कापा फणस होता, बरका नव्हे. गरा दाताखाली कचकन वाजायचा. आई हाताला गोडेतेल चोळून विळी पुढ्यात घ्यायची आणि आम्ही भोवती बसायचो. आठळ्या चुलीच्या निखाऱ्यात जायच्या, सालीची चारखंडं म्हशीला, आणि चीक मात्र सगळ्यांच्या केसांत. केस कापल्याशिवाय तो निघायचा नाही. दर उन्हाळ्यात मी नाहीतर माझा धाकटा भाऊ, कुणीतरी डोक्याला खळगा पाडून शाळेत जायचं.

तो फणस मोठा लहरी. एका साली बुंधा फळांनी लगडायचा, दुसऱ्या साली नुसतीच पानं. म्हणून संक्रांत झाली की आमच्याकडं त्याला धाक दाखवायची रीत होती. कुणी काढली माहीत नाही. घरच्या पुरुषानं कुऱ्हाड घेऊन झाडापुढं उभं राहायचं, कुऱ्हाडीची पाठ बुंध्यावर मारायची आणि दरडावून विचारायचं, ‘देणार का न्हाय? का तोडू?’ एकदा, दोनदा, तीनदा. पहिल्या दोन वेळा कुणी बोलायचं नाही. तिसऱ्यांदा विचारलं की घरच्या बाईनं पुढं यायचं, बुंध्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, ‘नगा तोडू. यंदा चुकलं त्याचं. म्होरल्या साली देतंय. मी जामीन हाय.’ मग बुंध्याला गवताची पेंडी बांधायची, हळदकुंकू लावायचं आणि घरी येऊन चहा प्यायचा. त्या साली पहिलं उतरवलेलं फळ जामिनाचं. आईचं ते फळ शेजारच्या चार घरांत वाटण्यातच जायचं, तिच्या तोंडात दोन गरे पडले तर पडले.

एक नियम मात्र कडक होता. मधे कुणी पडल्याशिवाय कुऱ्हाड खाली ठेवायची नाही. वडील म्हणायचे, झाडाला कळतं. धाक पोकळ आहे असं त्याला एकदा कळलं की ते जन्मात फळ धरणार नाही.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आई रानात गेली की तो माझ्या कडेवर. त्याला हा खेळ कधी खेळ वाटलाच नाही. चार-पाच वर्षांचा असताना वडिलांनी पहिला घाव मारला आणि हा धावत जाऊन बुंध्याला मिठी मारून बसला. सुटता सुटेना. सदऱ्याला, गालाला, भुवईला चीक. भुवई आम्ही कापली, आणि महिनाभर त्याला सगळं गाव चिडवत होतं. मीही चिडवलं, मी काय सोडणार होते!

वडील गेल्यावर कुऱ्हाड भावाच्या हातात आली. जामीन आईच राहिली. माझं लग्न होऊन मी कोल्हापुरात आलेली. संक्रांतीनंतर जमेल तसं जायचं, पेंडी बांधायला मदत करायची, उन्हाळ्यात फणस घेऊन यायचं. एसटीच्या टपावर माझा फणस पेठेत यायचा आणि चार दिवस जिना दरवळायचा. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग आई आजारी पडली. पंधरा दिवस कोल्हापुरात दवाखान्यात होती. घरी न्या म्हणाले, तेव्हा भावानं तिला गावी नेलं. तिलाही गावीच जायचं होतं. माझ्याकडं तेव्हा लेकीचं बाळंतपण. आठवडाभरानं सकाळी भावाचा फोन आला, ‘अक्का, आई गेली.’ मी पोचले तेव्हा सगळी तयारी झाली होती, नुसती माझी वाट बघत थांबले होते. तिथं बायकांच्या बोलण्यातून मला कळलं, दोन दिवस आईचं काही खरं नव्हतं. दोन दिवस! आणि या गड्यानं मला एक फोन केला नाही. गारगोटी काय अमेरिकेत आहे? दोन तासांत मी आले असते. मी त्याला सगळ्यांच्या देखत विचारलं, का नाही कळवलंस? तो मान खाली घालून उभा राहिला. तोंडातून अक्षर काढलं नाही.

ते त्याचं गप्प राहणं माझ्या डोक्यात गेलं. बाराव्याला बोलले नाही. भाऊबीजेला तो ताट पुढं घेऊन बसला, मी ओवाळलं, पण तोंड फिरवून. पुढं दोन वर्षं भेटेल त्याला सांगत सुटले, माझ्या भावानं मला आईचं तोंड बघू दिलं नाही. नातेवाइकांत, शेजारात, मंगळवार पेठेतल्या भाजीवालीपर्यंत सगळ्यांना ही गोष्ट पाठ झाली होती.

आईच्या वर्षात धाक दाखवलाच नाही, आणि त्या साली फणसाला एकही फळ लागलं नाही. पुढच्या संक्रांतीला भावाचा फोन आला. ‘अक्का, येतीस का? झाडाला इचारायचं हाय. तू जामीन ऱ्हा.’ मी म्हटलं, तुझी बायको आहे की घरात. तो म्हणाला, ‘न्हाय, तूच ये.’ मी गेले. का गेले, ते आता सांगता येत नाही. कदाचित भांडायलाच गेले असेन.

परड्यात आम्ही सात-आठ जणं होतो. भाऊ, भावजय, चुलते, शेजारची माणसं. पानगळीचा थर घोट्यापर्यंत होता. भावानं पहिला घाव मारला, कुऱ्हाडीच्या पाठीचा. ‘देणार का न्हाय? का तोडू?’ आवाज थेट वडिलांचा. मला आईची जागा दिसत होती, ती जिथं उभी राहायची ती. तिथं आता मला उभं केलं होतं. दुसरा घाव. मनात एकच: हा झाडासाठी मला कोल्हापुरातून बोलावून घेतो, आणि आईसाठी याला मी आठवले नाही.

तिसरा घाव पडला. ‘तोडू का?’

मी म्हटलं, ‘तोड की.’

आधी सगळे हसले. चुलते म्हणाले, ‘अगं ए, असं म्हणायचं नसतंय.’ मी बुंध्याकडं पाहिलंसुद्धा नाही, भावाच्या तोंडाकडं पाहत होते. म्हटलं, ‘तोड! कुणी अडवलंय तुला? तू कुणाला इचारून काय करतोस?’ कुणी हसेना. भावजय पुढं सरकली, पण जामीन मला केलेलं. माझ्या आधी तिला बोलता येईना. भाऊ माझ्याकडं बघत राहिला. मग ‘बरं’ म्हणाला, आणि त्यानं कुऱ्हाड हातातल्या हातात फिरवून पातं पुढं केलं.

मला वाटलं, मला दाखवतोय. म्हटलं, बघू या कोण आधी वाकतं. पातं सालीत शिरलं आणि पांढरा चीक ओघळला, तेव्हासुद्धा मला बोलता आलं असतं. दोन शब्द होते. मी घरात गेले, पिशवी उचलली आणि रस्त्याला लागले. गावंदरीपर्यंत तो आवाज माझ्या मागं येत होता. स्टॉपवर उभी राहिले तरी येत होता. एसटी आली, कंडक्टरनं घंटी मारली, गाडी सुरू झाली आणि मग तो इंजिनाच्या आवाजात बुडाला. आवाज थांबला की आपल्याला ऐकू येईनासा झाला, एवढंही मला त्या दिवशी कळलं नाही.

चार दिवसांनी भावजयीचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होती. ‘वन्सं, तुमच्या भावानं कुणाला सांगू नगंस म्हटलंय, पर मला ऱ्हावंना.’ झाड पाडायला दोन दिवस लागले होते. आडवं झाल्यावर मुळाशी साचलेला पालापाचोळा हलला. ओघळीच्या अंगाला, जिथं कुणी जात नाही, तिथं पार जमिनीशी, मुळातून तीन कुयऱ्या, अगदी कोवळे फणस, फुटल्या होत्या. मुठीएवढ्या. जुना फणस कधीकधी असं खाली, मातीशी फळ धरतो. आईला ते माहीत होतं. ती असती तर तिनं पाला बाजूला करून पाहिलं असतं. झाडानं दिलं होतं. आम्ही पाहिलंच नव्हतं.

‘तो काय म्हणाला?’ मी विचारलं.

‘काय न्हाय. कुयऱ्या हातात घेऊन बसले हुते, इतकंच.’

दीड वर्षानं एक टेम्पो आमच्या बोळात शिरला. लाकूड चिरून, सावलीत वाळवून भावानं माझ्याकडं पाठवलं होतं. बुंध्याच्या गाभ्याच्या फळ्या, सगळ्यांत चांगल्या त्या. चिठ्ठी नाही, निरोप नाही. हळदीसारख्या पिवळ्या फळ्या माझ्या गॅलरीत उभ्या राहिल्या. परत पाठवायचं धाडस नव्हतं आणि वापरायचंही नव्हतं. कपडे वाळत घालताना कोपर लागायचं नि अंगावर शहारा यायचा. पावसाळ्यात आमचं प्लायवूडचं दार फुगलं, तेव्हा नवऱ्यानं मला न विचारता सुतार बोलावला. सुतार फळीवर हात फिरवत म्हणाला, ‘काकी, असला गाभा आता बघायला मिळत न्हाय. शंभर वर्सं बघायला नगं.’ शंभर वर्षं! मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

तेव्हापासून ते झाड माझ्या घरात आहे. दुपारी जेवणं होऊन पेठ जरा निवांत होते, तेव्हा लाकूड उन्हानं ताणून कट् करून वाजतं. सुतार म्हणाला होता, वाजतं तसं, जिवंत लाकूड आहे. हे त्यानं सांगायला नको होतं. हातगाडीवर फणस दिसला की मी रस्ता ओलांडून जाते. नातवंडांना फणस आवडतो, ती त्यांच्या आईकडं खातात. आणि थापेचं तर मी सांगितलंच. पाहुणा आला की मी उठते, हात कडीवर जातो आणि त्या अर्ध्या क्षणात मला खरंच वाटतं, दाराच्या पलीकडं भाऊ कुऱ्हाड उगारून उभा आहे आणि तिसऱ्यांदा विचारतोय. मी भित्री नाही. आमच्या गल्लीत माझ्याशी वाद घालायला दूधवाला कचरतो. पण दार उघडायची मला भीती वाटते.

इतकी वर्षं त्याच्याशी बोलणं होतं ते कामापुरतं. मला त्याला विचारायचं होतं, तू थांबला का नाहीस? तोडताना तुला माझा राग आला होता का? अजून आहे का? यातलं एकही विचारता येईना, कारण त्यानं ‘हो’ म्हटलं असतं तर माझं माहेर तिथंच संपलं असतं.

गेल्या वर्षी त्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं. आठ दिवस तो आमच्याकडं राहायला आला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जिना चढून आला, पाटी काही त्याला वाचता आली नाही, पण थापही मारली नाही. पावलं ऐकून मी दार उघडलं तेव्हा तो फळीवरून तळवा फिरवत होता. ‘आपला हाय,’ म्हणाला. ‘तांबूस झाला की गं.’ मी ‘व्हय’ म्हटलं आणि त्याची पिशवी घेतली.

डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आणि नंतर थोडा वेळ डोळे मिटून बसायचं, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा बाहेर गेला होता. भावाला खुर्चीत बसवलं, मान मागं करायला लावली, थेंब घातले. ‘मीट डोळं. मी सांगेपतूर उघडू नगंस.’ त्यानं डोळे मिटले, हात गुडघ्यांवर ठेवले. मिटलेल्या डोळ्यांच्या माणसाशी बोलायला सोपं जातं. मी विचारून टाकलं.

‘त्या दिशी तू झाड का तोडलंस रं?’

‘तू म्हणालीस की.’

‘मी रागानं म्हणालते. थांबायचं नव्हतंस व्हय?’

‘रागानं म्हणालीस का कसं, मला काय म्हाईत? तोड म्हणालीस, तोडलं. तुझं मी कवा मोडलंय, अक्का?’

मी त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. टोमणा शोधत होते. सगळ्या चेहऱ्यावर कुठं टोमणा नव्हता. मग म्हटलं, निघालंच आहे तर सगळं निघू दे. ‘आणि आईच्या वक्ताला? दोन दिवस तिचं काय खरं नव्हतं आणि मला एक फोन करवला न्हाय तुला?’



‘तूच म्हणालतीस,’ तो म्हणाला, ‘सारखा सारखा फोन करू नगंस. काय झालं तरच कर.’

मला आधी कळेना. मग आठवलं. गॅसवर लेकीसाठी काढा, नातू रडून निळा झालेला, आणि भावाचा त्या दिवसातला चौथा फोन: आईनं आज अर्धी वाटी पेज घेतली, आता झोपलीया, आता उठली. मी त्याच्यावर खेकसले होते. हेच शब्द. पातेल्यातला काढा उतू जात होता तेसुद्धा आठवलं. इतकी वर्षं मला ते एकदाही आठवलं नव्हतं आणि त्यानं कधी सांगितलं नव्हतं. लोकांसमोर मी विचारलं तेव्हाही नाही.

‘आई इचारत हुती का मला?’

‘इचारत हुती की. अक्का कवा येणार म्हणून. मी फोन हातात धरून बसलोतो रातभर. पर तवर काय झालं नव्हतं.’

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि ओट्याला धरून रडले, आवाज नळात जाईल असं. ‘चुकलं माझं’ म्हणायला दोनदा वळले आणि दोनदा परत फिरले. त्याला राग असता तर मी पाय धरले असते. त्याच्याकडं रागच नव्हता. काय धरायचं? मग दूधवाला आला, त्याच्याशी उगाच भांडले. गॅलरीतले कपडे काढले, घड्या घातल्या, पुन्हा मोडून घातल्या. देवापुढं दिवा लावला. उन्हं समोरच्या भिंतीवरून उतरली.

चहा घेऊन मी बाहेरच्या खोलीत गेले. खोलीत अंधारलं होतं. भाऊ त्याच खुर्चीत, तसाच ताठ, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. डोळे मिटलेले. माझी चाहूल लागल्यावर त्यानं मान थोडी वळवली.

‘अक्का,’ तो म्हणाला, ‘आता उघडू का?’